मावशीच्या वेळेला कुणी हसलंच नाही

गेल्या रविवारी पुण्यात एका छोट्या सभागृहात तमाशावरचा माहितीपट पाहिला. सत्तर-ऐंशी माणसं असतील. दिग्दर्शक मुलगा तरुण आहे, माझ्या ओळखीचा आहे. तमाशाच्या एका फडाबरोबर अख्खा हंगाम फिरून त्यानं हे काम केलंय, दसऱ्याला तंबू उभा राहिला तेव्हापासून चैत्र-वैशाखातल्या जत्रांपर्यंत. ट्रकमध्ये झोपलाय, कलाकारांच्या पंगतीला बसून जेवलाय. त्याच्या मेहनतीबद्दल मला आदरच आहे. तरी घरी आल्यापासून एक गोष्ट मनातून जात नाहीये, म्हणून हे लिहितोय. लांबेल, पण वाचा.

साधारण मध्यावर गवळण, म्हणजे तमाशातला कृष्ण-गवळणींचा भाग, येते. गवळणी दूध-दही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघाल्यात आणि त्यांच्या पुढं मावशी. मावशीचं काम करणारा सोंगाड्या साठीला टेकलेला, अंगानं आडवा. लुगड्याचा पदर दातांत धरून, कमरेवर हात ठेवून तो बोर्डावर, म्हणजे रंगमंचावर, येतो. कृष्णाचा सवंगडी पेंद्या विचारतो, "मावशे, वय काय गं तुझं?" मावशी काहीच बोलत नाही. आधी पेंद्याकडं बघते, मग ढोलकीवाल्याकडं, मग सावकाश पदर सारखा करते. ढोलकीवर एकच थाप पडते. पडद्यावरचा तंबू हसायला लागतो, आणि नेमका तेव्हाच कॅमेरा तिथून निघतो. थेट कलाकारांच्या राहुटीत. फाटकी गोधडी, विझत आलेली चूल, मागं बासरी. मावशीनं वय किती सांगितलं ते आम्हाला कळलंच नाही.

सभागृहात कुणी हसलं नाही. हसायला जागाच ठेवली नव्हती. माझ्या शेजारच्या बाईंनी रुमाल काढला.

नंतर प्रश्नोत्तरं झाली. तोच सोंगाड्या पाहुणा म्हणून आला होता, पांढरा सदरा घालून, हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. पहिला प्रश्न मानधनाचा. दुसरा शासन काय करतं याचा. तिसरा, ही कला वाचवायला आपण काय करू शकतो. सगळे प्रश्न प्रामाणिक होते, विचारणाऱ्यांचे गळे दाटून आले होते. मग एका ताईंनी त्यालाच विचारलं, "एवढं सोसून लोकांना हसवताना रडू येत नाही का हो?" तो जरा थांबला आणि शांतपणे म्हणाला, "ताई, मावशीच्या येळंला तुमी कुणीच हसला न्हाई. मी मागं उभा राहून बगत हुतो."

टाळ्या पडल्या. लोकांना ते उत्तर करुण वाटलं. मला ती तक्रार वाटली, एका कारागिराची.

माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, गावच्या फडात मावशी व्हायचे. जत्रांचा हंगाम आला की मिशी जायची आणि घरात सगळ्यांना कळायचं की आता दोन महिने नाना दिसणार नाहीत. अंगावर लुगडं असायचं ते काकूचं. पण काकूनं त्यांना त्या वेशात एकदाही पाहिलं नाही. घरच्या बायकांनी तमाशाला जायचं नाही अशी रीत, आणि ती मोडायची हिंमत तेव्हा कुणात नव्हती. मी पोरगा होतो म्हणून गेलो. वाद्यांच्या बाजूला, तुणतुणेवाल्याच्या पायाशी बसून मी नानांना कितीतरी वेळा पाहिलंय.

नाना म्हणायचे, "हसू पिकलं की लगीच पुढं जायाचं न्हाई. मागच्या वळीपातूर जाऊ द्यायाचं." उघड्या रानात हजारभर माणूस बसलेला असतो. पुढची ओळ आधी हसते, मधल्या लोकांपर्यंत ते जायला वेळ लागतो, आणि झाडाखाली उभी असलेली माणसं सगळ्यात शेवटी हसतात. पुढचं वाक्य घाईनं टाकलं तर मागच्यांचं हसणं त्याच्यावर पडतं आणि वाक्य वाया जातं. म्हणून मावशी पदर सारखा करते. तो नखरा आहेच, पण त्या पदरात मागच्या माणसाची वाट बघणं आहे. आणि ढोलकीवाल्याला हे न सांगता कळावं लागतं. थाप अर्धा क्षण आधी पडली तर सगळं मातीत.

शिवाय हे लिहिलेलं कुठं असतं? वगाचा, म्हणजे तमाशातल्या नाट्याचा, सांगाडा ठरलेला, गाणी ठरलेली, बाकी बतावणी, म्हणजे विनोदी संवाद, जागच्या जागी रचायची. संध्याकाळी गावात शिरल्या शिरल्या नाना चहाच्या टपरीवर बसून काढून घ्यायचे की इथला सरपंच कोण, पाण्याचं काय चाललंय, कुणाची बैलजोडी पळाली. रात्री ते सगळं कृष्णाच्या गवळणीत हजर.

एवढ्या सगळ्यातलं एकही कुणी विचारलं नाही.

हाल खोटे आहेत असं मी म्हणत नाही. फडमालक उचल घेतात आणि पुढचा हंगाम ती फेडण्यात जातो. 2020 आणि 2021 च्या जत्रा कोरोनात गेल्या तेव्हा कित्येकांनी मोलमजुरी केली. हे सगळं दाखवायलाच हवं. पण विठाबाई नारायणगावकरांचं नाव निघालं की तमाशाची पायरी न चढलेला माणूसही बाळंतपणाचीच गोष्ट सांगतो. चालू खेळात कळा आल्या, आत जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली, पुन्हा बोर्डावर आल्या. परवाही एकांनी उठून सांगितलीच. बाईंचा आवाज, त्यांची फेक, भरल्या तंबूला मुठीत धरणं, याबद्दल अवाक्षर नाही. कवलापूरच्या काळू-बाळूंचंही तेच. लहू आणि अंकुश खाडे, जुळे भाऊ, 'जहरी प्याला' वगातले दोन हवालदार. त्यांनी पिढ्या हसवल्या. ते कसं, हे कुणीतरी नीट मांडायला नको का?

मला यात आणखी एक खुपतं. तमाशा उभा केला तो बहुतेक महार, मांग, कोल्हाटी समाजातल्या कलावंतांनी. दिवसा ज्या पाटलापुढं मान वर करायची सोय नव्हती, त्याची टोपी रात्री बोर्डावरून उडवायचा हक्क सोंगाड्याला होता. राजालाही तो 'येडं हायंस का' म्हणायचा आणि गाव हसायचं. ते हसू त्याची सत्ता होती. ती कापून टाकायची आणि फक्त गोधडी दाखवायची, म्हणजे त्याला पुन्हा दिवसाच्या जागी नेऊन बसवायचं.

असा माहितीपट दुसऱ्या तऱ्हेनंही करता येतो. न्यूझीलंडच्या लिंडा आणि जूल्स टॉप, याही जुळ्या बहिणी, डेअरीवाल्या शेतकऱ्याच्या मुली. योडलिंग करत, म्हणजे आवाज झटक्यात वर-खाली फेकत, गातात, पुरुषांचे कपडे चढवून केन आणि केन नावाचे दोन गडी होतात आणि लोकांना लोळवतात. लिअॅन पूली यांनी त्यांच्यावर 'द टॉप ट्विन्स: अनटचेबल गर्ल्स' हा माहितीपट केला. त्यात जूल्सचा स्तनाचा कर्करोग आहे, 1981 च्या स्प्रिंगबॉक, म्हणजे वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेच्या संघाच्या, रग्बी दौऱ्याविरुद्धची आंदोलनं आहेत, समलिंगी असल्यामुळं झालेला विरोध आहे. पण गाणीही आहेत, आणि ते केन-केन तर मुलाखतीला बसून या बहिणींविषयी आपलं मत सांगतात. 2009 च्या टोरांटो महोत्सवात प्रेक्षकांनी माहितीपटांमध्ये याच चित्रपटाला पसंतीचा कौल दिला. मी घरी एकट्यानं पाहिला आणि मोठ्यानं हसलो. आजारपणाचा भाग आला तेव्हा पोटात खड्डा पडला, कारण कुणाचा आवाज जाऊ शकतो हे तोवर मला नीट माहीत झालं होतं.

सभागृहाबाहेर मी दिग्दर्शकाला गाठलं आणि हे सगळं बोललो. तो रागावला नाही. म्हणाला, अख्खी गवळण चित्रित केलेली आहे, वीस-बावीस मिनिटं, सलग. लोकांना लांब वाटेल म्हणून कापली. मी म्हटलं, कापू नकोस. निदान एकदा तशीच दाखव, त्या सोंगाड्याला पहिल्या रांगेत बसवून.

तो तयार झालाय. पुढच्या महिन्यात गावच्या शाळेत पडदा लावायचा ठरतोय. काल काकूला फोन केला. ऐंशीच्या घरात आहे, ऐकू कमी येतं. तमाशाचा शिणेमा हाय, येशील का, असं मोठ्यानं विचारलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी हाय का त्यात?"