डाव्या पायाचा हिशेब

रिव्हर्स टाकताना आमची गाडी ओरडायला लागली त्याला आता दोन महिने होतील. साताऱ्याच्या शाहूपुरीतल्या आमच्या बोळात सकाळी पावणेनऊला 'कर्रर्र' झालं की समोरच्या काकू कुकर बंद करायच्या. बोळातल्या प्रत्येकानं निदान केलं. एकानं गियरबॉक्स संपवला, दुसऱ्यानं ऑइल बदलायला लावलं. तिसरा म्हणाला, "विकून टाका," आणि संध्याकाळी गिऱ्हाईकही घेऊन आला. गिऱ्हाईक म्हणजे त्याचाच मेहुणा.

मी हिशेबखात्यातला माणूस. दुसऱ्यानं काढलेल्या बेरजेवर मी सही करत नाही. गाडीचं अठरा वर्षांचं पिवळं पडलेलं पुस्तक शोधून काढलं आणि क्लचच्या पानावर स्थिरावलो. आमच्या गाडीचा क्लच जुन्या पद्धतीचा, वायरवर चालणारा. त्याचं पेडल हातानं दाबलं तर आधी ते आयतंच आत जातं आणि मग एकदम जड लागतं. या आयत्या जाण्याला प्ले म्हणतात. तो दीड-दोन सेंटीमीटर असावा. मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन मी गाडीत उलटा शिरलो. डोकं पेडलपाशी, पाय दाराबाहेर. रस्त्यानं जाणाऱ्या एकानं पायांनाच विचारलं, "काका, शुद्धीत आहात ना?"

प्ले निघाला साडेतीन सेंटीमीटर. म्हणजे वायर ताणून लांबली होती. पाय पार तळाला गेला तरी क्लचची प्लेट, म्हणजे इंजिन आणि गियरबॉक्स जोडणारी चकती, पूर्ण सुटत नव्हती, आणि इंजिन गियरबॉक्सला मागच्या दारानं फिरवतच राहत होतं. पुढच्या गियरना सिंक्रोनायझर, म्हणजे चाकांचा वेग आधी जुळवून देणारा भाग, सांभाळून घेतो. बिचाऱ्या रिव्हर्सला तो नाही, म्हणून तो बोंबलत होता. निदान अचूक होतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो.

घोळ झाला तो उपचारात. बॉनेट उघडून वायरीच्या टोकाचा नट गाठला. तो गंजलेला होता, त्याला रॉकेल पाजलं, दोन बोटं सोलून घेतली आणि आवळत गेलो. प्ले तीनवर आला, दोनवर आला. पुस्तकाच्या हिशेबानं इथं थांबायचं. पण तीस वर्षं ज्यानं ताळेबंदातला फरक शून्यावर आणल्याशिवाय डबा उघडला नाही, तो दोनवर कसा थांबेल? शून्य झाल्यावरच पाना खाली ठेवला. रिव्हर्स लोण्यासारखा पडला. काकूंची भाजी करपली म्हणे त्या दिवशी.

पुढच्या रविवारी फुलं बघायला कास पठाराचं बुकिंग होतं. बायको, मुलगा आणि रहिमतपूरहून आलेले सासरे. मामा एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. ते पुढं बसले. समर्थ मंदिर मागं पडलं, यवतेश्वरचा घाट लागला आणि दुसऱ्या वळणाच्या आधीच गर्दीत अडकलो. दोन फूट पुढं, थांब. तीन फूट पुढं, थांब. चढावर मागं सरकू नये म्हणून मी हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धंच दाबून, गाडी झुलवत ठेवली होती, आणि तेही मोठ्या ऐटीत.

"काहीतरी करपतंय," बायको म्हणाली.

"पुढच्या गाडीचा वास आहे," मी सांगितलं. पुढची गाडी एमएच १२ होती, त्यामुळे सगळ्यांना लगेच पटलं.

मग गर्दी सुटली. पुण्याची गाडी भुर्रकन गेली. मी ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन किंचाळलं आणि गाडी होती तिथंच विचारात पडली. आणखी दाबला. आणखी किंचाळलं. शेजारून एक आजोबा काठी टेकत पुढं निघून गेले.

"पाव्हणं," मामा म्हणाले, "इंजन लय बोलतंय, पर गाडी काय आयकंना."

जरा सपाट जागा बघून त्यांनी गाडी कडेला घ्यायला लावली. "हँडब्रेक वडा. चवथा टाका. आता क्लच हळू सोडा." मी सोडला. खरं तर गाडीनं एक हिसका देऊन बंद पडायला हवं होतं. आमची मजेत गुरगुरत राहिली.

"बघा मामा, चौथ्यावरसुद्धा बंद पडत नाही!" मी अभिमानानं म्हणालो.

मामांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. घाटात पंक्चर झालेल्या एसटीतला प्रवासी "किती वेळ लागेल?" विचारतो, तेव्हा ते असेच बघत असणार.

"दोन तव्यांत भाकरी दाबून धरलीया, आसं समजा," ते म्हणाले. "पाय दाबला की एक तवा सुटतो, पाय काढला की पुन्यांदा दाबून बसतो. तुमी वायर इतकी आवळलीया, त्यो तवा बसायचंच इसरलाय. भाकर नुस्ती घसरतीया. मग करपंल न्हाय तर काय हुईल? पाना हाय का?"

पाना घरी होता. कामगिरी फत्ते झाल्यावर मी तो पुसून कपाटात ठेवला होता.

कास राहिलं. तेरड्याची फुलं मुलानं मोबाइलवर बघितली. गाडी वळवून दुसऱ्या गियरमध्ये हळूहळू उतरलो आणि गोडोलीच्या बाजूला रविवारीही उघडं असलेलं एक गॅरेज गाठलं. मिस्त्रींनी वास घेतला, नट सैल केला, दोन बोटांनी पेडल दाबून प्ले बघितला. पट्टी नाही, पुस्तक नाही. पाच मिनिटांत काम संपलं. "प्लेट थोडी जळालीय, पण काढेल काही महिने. वायर बदलून घ्या," म्हणाले. मी पाकीट काढतोय तोवर ते पुन्हा खाली वाकले आणि पेडलच्या रबरावरून अंगठा फिरवला.

"साहेब, ब्रेकचं रबर बघा, अजून नक्षी आहे. आणि हे क्लचचं? पाटा झालाय. गाडी चालवताना पाय इथंच ठेवता ना?"

मी म्हणालो, "छे." मागच्या सीटवरून बायको आणि मुलगा एका सुरात म्हणाले, "हो."

त्या पायाच्या वजनानं वायर ताणली, प्लेट सोडवणारं रिलीज बेअरिंग झिजतंय, असं बरंच काही मिस्त्री मामांना सांगत होते. मला नव्हे. मला पुन्हा चालवायला सांगण्याचा प्रश्नच आला नाही. मामांनी किल्ली मागितली, धोतर सावरलं, सीट मागं सरकवली. त्यांचा डावा पाय क्लचवर फक्त गियरपुरता यायचा आणि लगेच खाली पत्र्यावर जायचा. मी शेजारी बसून तो पाय बघत होतो. पोवई नाक्याच्या जरा अलीकडं पिशवी घेतलेल्या एका बाईंनी रिक्षासाठी हात केला. मामांनी शांतपणे गाडी कडेला घेतली, मागचं दार उघडायला लावलं आणि म्हणाले, "चला, म्होरं सरका. राजवाडा, राजवाडा."

बाई बसल्यासुद्धा.