तळाशी लिंक असली म्हणून मेल कायदेशीर होत नाही

ईमेल मार्केटिंगच्या धंद्यात नव्याने शिरणाऱ्याला कुणी ना कुणी एक दिलासा हमखास देतो. कधी तो पोस्टमधून येतो, कधी एखाद्या कोर्सच्या स्लाइडवर दिसतो, कधी थेट मेलच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेला असतो. शब्द बदलतात, आशय एकच: मेलमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता आणि अनसबस्क्राइबची, म्हणजे यादीतून नाव काढण्याची, लिंक असली की अमेरिकी कायद्यानुसार त्याला स्पॅम म्हणताच येत नाही, संमतीची गरज नाही, कंपन्यांना पाठवलेल्या मेलला तर कायदा लागूच नाही, मेल अडवणं म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला, आणि आजवर शिक्षा झालीय कुणाला?

यातलं संमतीचं वाक्य अमेरिकेपुरतं खरं आहे. बाकीची त्याच्या जिवावर तरून जातात.

'पत्ता आणि लिंक असली की स्पॅम म्हणता येत नाही.'

हे वाक्य आलं कुठून, ते पाहण्यासारखं आहे. 1998 नंतरच्या काळात असंख्य जाहिरातबाज मेलच्या तळाशी 'सिनेट विधेयक एस. 1618, भाग 3' असा भारदस्त दाखला असायचा आणि त्यापुढे 'त्यामुळे हा मेल स्पॅम ठरत नाही' अशी ग्वाही. मूळ विधेयक ईमेलसाठी नव्हतंच. ग्राहकाला न विचारता त्याची टेलिफोन सेवा परस्पर दुसऱ्या कंपनीकडे वळवण्याच्या 'स्लॅमिंग' नावाच्या लबाडीला चाप लावायला ते आणलं होतं. सिनेटर फ्रँक मर्कोव्स्की यांच्या पुढाकाराने त्याला ईमेलचा भाग जोडला गेला. मे 1998 मध्ये सिनेटने ते मंजूर केलं, पण त्याचा कायदा कधी झालाच नाही. 105व्या काँग्रेसची, म्हणजे तेव्हाच्या अमेरिकी संसदेची, मुदत संपली आणि त्याबरोबर विधेयकही बारगळलं. म्हणजे वर्षानुवर्षं लोक एका न झालेल्या कायद्याच्या कलमाचा आधार घेत होते. बरं, तो झाला असता तरी त्याने अशा मेलला 'स्पॅम नव्हे' असं प्रमाणपत्र दिलं नसतं. पाठवणाऱ्याने स्वतःची खरी ओळख द्यावी आणि नको म्हटल्यावर थांबावं, एवढीच त्याची मागणी होती.

खरा कायदा आला तो 2003 मध्ये. त्याचं नाव कॅन-स्पॅम. 16 डिसेंबर 2003 रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी त्यावर सही केली आणि 1 जानेवारी 2004 पासून तो लागू झाला. त्याच्या व्याख्यांच्या कलमात 'स्पॅम' हा शब्द सापडत नाही; तिथे आहे 'व्यापारी इलेक्ट्रॉनिक मेल संदेश'. त्यामुळे अमुक केलं की स्पॅम नाही, असं हा कायदा सांगूच शकत नाही. व्यापारी मेल पाठवायचा असेल तर काय काय पाळायचं, एवढंच तो सांगतो. आणि त्या यादीत तळाची लिंक ही अनेक अटींपैकी एक आहे.

दिलासा देणारे नेमक्या ज्या अटी गाळतात त्या मेलच्या डोक्याशी असतात. कुणाकडून आला, कुठल्या डोमेनवरून आला, ही हेडरमधली माहिती खोटी किंवा फसवी नसावी. सब्जेक्ट लाइनने आतल्या मजकुराबद्दल दिशाभूल करू नये. तुम्ही कधी काही मागवलेलंच नाही आणि सब्जेक्टमध्ये 'तुमच्या ऑर्डरबद्दल' असं लिहून आत वजन घटवण्याच्या गोळ्या विकायला ठेवल्या, तर तळाशी दहा लिंका असल्या तरी कायदा मोडलेलाच आहे. ज्याने आधी स्पष्ट संमती दिलेली नाही त्याला पाठवलेला मेल जाहिरात आहे हे उघडपणे कळलं पाहिजे, हीसुद्धा वेगळी अट.

लिंकचंही तसंच. ती असून भागत नाही, चालली पाहिजे. मेल गेल्यापासून किमान 30 दिवस ती चालू हवी. कुणी नको म्हटलं की 10 कामकाजाच्या दिवसांत त्याला मेल जाणं थांबलं पाहिजे. त्यासाठी पैसे मागायचे नाहीत. ईमेल पत्ता आणि काय हवं-नको यापलीकडे माहिती मागायची नाही. एका पानापलीकडे फिरवायचं नाही. लॉगिन करा, पासवर्ड आठवा, मग कारण सांगा, हे सगळं बाद. नको म्हणणाऱ्याचा पत्ता दुसऱ्याला विकायचा किंवा द्यायचाही नाही. या अटी अशा नेमकेपणाने का लिहाव्या लागल्या? 2002 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी यंत्रणेने, काही सहकारी यंत्रणांसह अशा 'मला यादीतून काढा' सोयी तपासून पाहिल्या होत्या. त्यातल्या 63 टक्के चालतच नव्हत्या. लिंक ही त्या काळी बहुतेक ठिकाणी नुसती शोभेची होती. आणि 'मेल एजन्सीने पाठवला, आम्ही नाही' ही सबबही चालत नाही: ज्याच्या मालाची जाहिरात आहे तोही जबाबदार धरला जाऊ शकतो.

आणखी एक गोष्ट या दाव्यात सोयीस्करपणे विसरली जाते. मेल कायदेशीर आहे, म्हणून तो पोहोचवायलाच हवा, असं कुणावर बंधन नाही. ईमेल सेवा देणाऱ्या कंपन्यांनी कुठले मेल घ्यायचे आणि कुठले नाकारायचे, या त्यांच्या धोरणात हा कायदा ढवळाढवळ करत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. त्याआधी 1997 मध्येच कॉम्प्युसर्व्ह (ऑनलाइन सेवा देणारी कंपनी) विरुद्ध सायबर प्रमोशन्स (घाऊक जाहिरातींचे मेल पाठवणारी कंपनी) या खटल्यात ओहायोतल्या संघीय न्यायालयाने नको असलेल्या मेलचा मारा म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेवरचं अतिक्रमण मानून त्याला मनाई केली होती. हल्लीचं उदाहरण म्हणजे फेब्रुवारी 2024 पासूनचे जीमेलचे नियम. जीमेल खात्यांवर दिवसाला 5,000 हून जास्त मेल पाठवणाऱ्याने आपल्या डोमेनची ओळख तांत्रिकदृष्ट्या सिद्ध करायची, प्रमोशनल मेलमध्ये एका क्लिकमध्ये अनसबस्क्राइब द्यायचं, ते दोन दिवसांत अमलात आणायचं आणि वाचणाऱ्यांच्या स्पॅम तक्रारींचं प्रमाण 0.3 टक्क्यांपर्यंत पोहोचू द्यायचं नाही. कायदा 10 दिवस देतो, जीमेल दोन. न पाळणाऱ्याने कायद्याचं कलम दाखवून उपयोग नाही.

'संमतीची गरज नाही.'

हेच ते खरं वाक्य. अमेरिकेत पहिला मेल न विचारता पाठवता येतो. तिथली पद्धत 'नको म्हणेपर्यंत चालेल' अशी आहे. कॅलिफोर्नियाने 2003 मध्ये याच्या उलट, आधी संमती मागणारा कडक कायदा केला होता. तो 1 जानेवारी 2004 ला अमलात यायचा होता. पण नेमका त्याच दिवशी लागू झालेल्या संघीय कायद्याने राज्यांचे असे नियम निष्प्रभ केले. खोटेपणा आणि फसवणूक रोखणारे राज्यांचे कायदे तेवढे शाबूत ठेवले. माझ्या मते कॅन-स्पॅमची सर्वांत मोठी उणीव हीच. कॅलिफोर्नियाचा कायदा चालला असता तर हे वाक्य आज कुणी तोंडातूनही काढलं नसतं.

पण मेल अमेरिकेच्या वेशीवर थांबत नाही. युरोपीय संघाच्या 2002 च्या ई-प्रायव्हसी निर्देशातलं 13वं कलम व्यक्तींना मार्केटिंगचा मेल पाठवण्याआधी संमती मागतं. जुन्या ग्राहकाला तशाच प्रकारच्या मालाबद्दल लिहिण्यापुरती सूट आहे, तीही प्रत्येक वेळी नकाराची संधी देऊन. ऑस्ट्रेलियाचा 2003 चा स्पॅम कायदा एप्रिल 2004 पासून संमतीवर उभा आहे. कॅनडाचा कायदा 1 जुलै 2014 पासून लागू झाला, आणि तो या सगळ्यांत कडक म्हणावा लागेल. संमती होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावर. खरेदी केलेल्या ग्राहकाची गृहीत संमती दोन वर्षं टिकते, नुसती चौकशी करणाऱ्याची सहा महिने. मेल कॅनडातल्या संगणकावर उघडला जात असेल तर पाठवणारा कुठल्या देशात बसला आहे याने फरक पडत नाही. संस्थेला एका उल्लंघनाबद्दल कमाल दंड 1 कोटी कॅनेडियन डॉलर. विकत घेतलेल्या यादीतला कुठला पत्ता कुठल्या देशातल्या माणसाचा आहे, हे पाठवणाऱ्याला ठाऊक असतं का? बहुधा नाही. म्हणूनच 'अमेरिकी कायद्यानुसार चालतं' हे अशा यादीपुरतं निरर्थक उत्तर आहे.

'कंपन्यांना पाठवलेल्या मेलला कायदा लागू नाही.'

लागू आहे. कॅन-स्पॅममध्ये असा अपवादच नाही. मेलचा मुख्य हेतू व्यापारी आहे का, एवढंच बघितलं जातं. ऑगस्ट 2024 मध्ये व्हर्काडा या सुरक्षा कॅमेऱ्यांच्या कंपनीने या कायद्याखालच्या आरोपांपोटी 29.5 लाख डॉलर भरायचं मान्य केलं. फेडरल ट्रेड कमिशनने या कायद्याखाली तोवर मिळवलेला हा सर्वांत मोठा दंड होता, आणि ही कंपनी माल विकते तो प्रामुख्याने कंपन्या आणि संस्थांना. ब्रिटनच्या नियमांत कंपन्यांच्या पत्त्यांना संमतीच्या अटीतून सूट आहे हे खरं. बहुधा तीच सूट कुणीतरी उचलून अमेरिकेच्या नावावर खपवली असावी.

'मेल अडवणं म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला.'

हा मुद्दा ऐकायला सर्वांत उदात्त, आणि न्यायालयांनी सर्वांत जास्त वेळा तपासलेला. 1970 मध्ये, सामान्य माणसाला ईमेल ठाऊकही नसताना, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रोवन विरुद्ध पोस्ट ऑफिस विभाग या खटल्यात निकाल दिला की नको असलेल्या जाहिराती टपालातून पाठवणाऱ्याला यादीतून आपलं नाव काढायला लावण्याचा घरमालकाला अधिकार आहे. बोलण्याच्या हक्कात दुसऱ्याच्या घरात शिरण्याचा हक्क येत नाही. 1980 च्या सेंट्रल हडसन निकालाने व्यापारी अभिव्यक्तीला संरक्षण दिलं, पण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ते नाही हेही सांगितलं. 2001 मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या हेकेल खटल्यातल्या मेलची सब्जेक्ट लाइन होती, साधारण अशी: 'हा पत्ता बरोबर आहे ना?' ओळखीच्या माणसाने लिहिलंय असं वाटावं म्हणून. आत विक्रीला एक पुस्तिका. फसव्या मेलविरुद्धचा राज्याचा कायदा न्यायालयाने कायम ठेवला, मात्र तिथला घटनात्मक प्रश्न आंतरराज्य व्यापाराचा होता.

याविरुद्ध जेरेमी जेन्स या घाऊक स्पॅम पाठवणाऱ्याचं उदाहरण हटकून फेकलं जातं. व्हर्जिनियात त्याला नऊ वर्षांची शिक्षा झाली होती आणि 2008 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ज्या कायद्याखाली ती झाली तो कायदाच रद्द केला. खरं आहे. पण कारण वाचायला हवं. मेल कुठून, कुठल्या मार्गाने आला याची खोटी माहिती देऊन घाऊक मेल पाठवण्यावरची ती बंदी व्यापारी मेलपुरती नव्हती. नाव लपवून राजकीय किंवा धार्मिक मत मांडणाराही तिच्यात सापडत होता. निनावी मत मांडण्याचा हक्क जपण्यासाठी तो कायदा पडला, जाहिरातींचा मारा करण्याचा हक्क जपण्यासाठी नाही. कॅन-स्पॅम व्यापारी मेलपुरताच आहे.

'शिक्षा झालीय कुणाला?'

नावं आहेत. रॉबर्ट सोलोवे, 2008, 47 महिने तुरुंग. अॅलन राल्स्की, 2009, 51 महिने. स्पॅमच्या जोरावर शेअरचे भाव फुगवण्याचं प्रकरण. सॅनफर्ड वॉलेस, 1997 च्या त्या सायबर प्रमोशन्सचाच कर्ताधर्ता, फेसबुकवरच्या स्पॅमसाठी 2016 मध्ये 30 महिने. दिवाणी दंडाची 2025 ची कमाल मर्यादा 53,088 डॉलर आहे, आणि ती मेलमागे.

तरीही या प्रश्नामागची तक्रार मला पूर्ण खोटी वाटत नाही. संघीय कायद्याखाली दावा लावू शकतात ते कमिशन, काही सरकारी यंत्रणा, राज्यांचे अॅटर्नी जनरल (सरकारचे मुख्य वकील) आणि इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्या. ज्याचा इनबॉक्स भरतो त्याला तो दरवाजा बंद आहे. 2009 च्या गॉर्डन विरुद्ध व्हर्चुमंडो निकालाने, स्वतःला सेवादाता म्हणवून त्यातून शिरू पाहणाऱ्यांची वाटही अरुंद केली. 'ईमेल नको' अशी राष्ट्रीय नोंदवही करावी का, याचा विचार काँग्रेसने कमिशनला करायला सांगितला होता. 2004 मध्ये कमिशनने नको म्हणून कळवलं, कारण पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची सोय नसताना ती नोंदवही म्हणजे स्पॅम करणाऱ्यांच्या हाती चालू पत्त्यांची आयती यादी.

सामान्य माणसासाठी जागा उरली ती राज्यांच्या फसवणूकविरोधी कायद्यांत, आणि तिथे सध्या हालचाल आहे. एप्रिल 2025 मध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने ओल्ड नेव्ही या कपड्यांच्या कंपनीविरुद्धच्या दाव्यात 5 विरुद्ध 4 अशा मतांनी सांगितलं की हेकेल खटल्यातल्याच 1998 च्या राज्य कायद्यानुसार सब्जेक्ट लाइनमधली कुठलीही खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती चालणार नाही; मेल जाहिरात आहे हे लपवणं तेवढंच बेकायदा, हा कंपनीचा अर्थ मान्य नाही. आरोप होता 'सवलतीचा आज शेवटचा दिवस' सांगून ती पुढे चालूच ठेवण्याचा. निकालाच्या वेळी त्या कायद्यात भरपाई मिळत होती ती मेल ज्याला आला त्याला: प्रत्येक मेलमागे 500 डॉलर किंवा प्रत्यक्ष नुकसान, यांपैकी जे जास्त असेल ते.