मुंबईचं अग्निशमन दल १४ एप्रिलच्या कितीतरी आधीचं आहे

१४ एप्रिल १९४४ आपल्याला ठाऊक असतो. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला आणि दलाचे ६६ जवान गेले. दरवर्षी त्यांना मानवंदना दिली जाते, दिलीच पाहिजे. पण हे दल मुळात उभं कसं राहिलं, हे मुंबईकराला कुणी सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

फेब्रुवारी १८०३ मध्ये मुंबईच्या फोर्ट भागातल्या दाट वस्तीत आग भडकली. ती विझवायला दल असं काही नव्हतंच. शेवटी आग पुढे सरकू नये म्हणून तोफा डागून भोवतालची घरं पाडावी लागली. विचार करा, तुमचं घर धडधाकट उभं आहे, पण शेजारची आळी पेटली म्हणून सरकारचीच तोफ तुमच्या भिंतीवर रोखलेली! त्या आगीनंतर बरीच वस्ती फोर्टाबाहेर सरकली.

एवढं होऊनही १८५५ मध्ये बंब आले ते पोलिसांच्या हाताखाली. घोडे जुंपलेले बंब आणि आग विझवणं हे पोलिसांचं जोडकाम. विहार तलावाचं पाणी तेव्हा नळाने येत नव्हतं, भिस्त विहिरी आणि तलावांवर. ज्या शिपायाला एरवी बंदोबस्त सांभाळायचा, त्याने वर्दी मिळाली की बंबावर चढायचं. त्याच्या धाडसाबद्दल मला शंका नाही, पण आग हे फावल्या वेळेचं काम नव्हे.

१८८७ मध्ये दल महापालिकेकडे आलं, १८८८ च्या कायद्याने आगीपासून जीवित आणि मालमत्तेचं रक्षण ही पालिकेची जबाबदारी ठरली. आणि १८९० मध्ये लंडनच्या दलातले निकोल्स प्रमुख म्हणून नेमले गेले. आग हाच ज्याचा पेशा, असा माणूस पहिल्यांदा प्रमुखाच्या खुर्चीत बसला. मोटारीचा बंब १९०७ चा, त्याचं कौतुक जास्त होतं. माझ्या मते खरी उडी १८९० ची.

म्हणूनच आज एखाद्या छोट्या गावात बंबावर दुसऱ्याच खात्यातली माणसं धाडलेली दिसली की संताप येतो. १८५५ ची व्यवस्था आपण अजून चालवून घेतोय. मोठ्या शहरात तरी वेगळं काय? जिन्यातल्या होजच्या, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या नळीच्या, पेटीसमोर चपलांचं कपाट, नळीच्या टोकाचं नोझल गायब, आणि बंब आत वळायच्या जागी दुहेरी पार्किंग. २००६ च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे इमारतीची अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा फॉर्म बी दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो. कितीजणांनी तो कधी पाहिलाय?

सोसायटीच्या पुढच्या सभेत एवढं विचाराच: शेवटचा फॉर्म बी कधी दिला, आणि आग विझवायचा पंप सुरू करून गच्चीपर्यंत पाणी चढतं का, हे कुणी पाहिलं? उत्तर मिळालं नाही तर तिथेच पंप चालू करून दाखवायला सांगा.