‘विचारलं की नाव कटते’ म्हणे!

गडचिरोलीपासून मेळघाटापर्यंत कंत्राटी पदांच्या मुलाखती दिलेल्या पोरांच्या मोबाईलवर एक मेसेज फिरतो आहे: ‘सरकारी मुलाखतीनंतर चौकशी करू नका, नाव कटते. निवड झाली तर फोन येतोच. दोन महिने फोन नाही म्हणजे सेटिंग झाली. माहिती अधिकार टाकला की कायमचे बाद.’

सगळ्यात जास्त नुकसान ‘फोन येतोच’ने होते. जाहिरातीच्या शेवटच्या अटी वाचा. पुढच्या सूचना संकेतस्थळावरच लागतील, वैयक्तिक कळवले जाणार नाही, असे बहुतेक वेळा तिथेच छापलेले असते. अंतरिम यादी लागते, हरकतींना कधी तीन-चारच दिवस मिळतात आणि भामरागडच्या पोराला कळेपर्यंत मुदत सरलेली असते. जिल्ह्याच्या संकेतस्थळावर ‘भरती’चा विभाग दर दोन दिवसांनी उघडा. मुदत संपलेली सूचना संग्रहात जाते, म्हणून समोर नाही दिसली तर तिथेही बघा. दिसली त्याच दिवशी पीडीएफ उतरवून ठेवा.

चौकशीने नाव कटत नाही. गुण निवड समिती देते, आस्थापनेचा बाबू नाही. बाबू वैतागतो तो रोजच्या फोनने आणि गावच्या भाऊंच्या शिफारशीने, आणि तेही रास्तच आहे. महिनाभर थांबून एकच लेखी अर्ज द्या: जाहिरात क्रमांक, पद, मुलाखतीची तारीख आणि ‘निवड यादी केव्हा व कुठे प्रसिद्ध होईल’ एवढा एक प्रश्न. मोबाईल नंबर बदलला असेल तर तोही लिहा. दोन प्रती न्या. आवक शाखेत एक देऊन दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ‘ठेवून जा’ म्हटले की ठेवून येऊ नका, पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असे धरा. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास. एवढ्यासाठी एसटीचे भाडे कशाला? स्पीड पोस्ट करा. रजिस्टर टपाल 2025 मध्ये त्यातच विलीन झाले आहे.

सेटिंग कुठेच होत नाही असा दावा आम्ही करणार नाही. पण उशीर हा तिचा पुरावा नव्हे. इतिवृत्तावर एका सदस्याची सही राहिली आणि त्याची बदली झाली, निधीची मंजुरी आली नाही, आचारसंहिता लागली, की फाइल जागेवरच.

राहिला माहिती अधिकार. 2005 च्या कायद्यात अर्जाचे कारण सांगावे लागत नाही. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर 150 शब्दांच्या आत. उत्तराला 30 दिवस. ‘माझी निवड का झाली नाही?’ असे विचारलेत तर हमखास टोलवतील. कागद मागा: समितीच्या सभेचे इतिवृत्त, त्या पदाचा गुणतक्ता, प्रतीक्षा यादी. अंतिम यादी लागण्याआधी मागितलेत तर ‘प्रक्रिया सुरू आहे’ हे उत्तर ठरलेले. इतरांचे गुण ‘खाजगी’ म्हणून नाकारले, तर सरकारी भरतीतले गुण उघड करण्याच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिलेला निकाल पहिल्या अपिलात लिहा; पण तो जुन्या तरतुदीवरचा आहे, वैयक्तिक माहितीचे कलम नोव्हेंबर 2025 मध्ये बदलून कडक झाले, म्हणून सार्वजनिक हितही मांडा. त्या अपिलाला 20 रुपयांचा स्टॅम्प लागतो.

‘लोकशाही दिनात तक्रार टाका’ असेही कुणी मेसेजखाली जोडले आहे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी कलेक्टर कचेरीत होणारी ही तक्रार सुनावणी. तिथे सेवा आणि आस्थापनाविषयक तक्रारी घेतच नाहीत. सोमवारची फेरी वाया जाईल.

आणि यादीत नाव लागले म्हणून चालू काम सोडू नका. निवड यादीत असणे म्हणजे नियुक्तीचा हक्क नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच सांगितले आहे. राजीनामा द्यायचा तो आदेशाचा कागद हातात पडल्यावर.