समीकरणाचा फोटो कशाला चिकटवता?

परीक्षा जवळ आल्या की शिक्षकांच्या ग्रुपांवर एक सल्ला फिरायला लागतो. त्याचा मथितार्थ असा: ‘वर्डमध्ये गणित टाइप करत बसू नका. माउसने चौकोन भरता भरता जीव जातो, कधी मेनूतला समीकरणाचा पर्यायच फिकट दिसतो, जुन्या फाइलींतली समीकरणं उघडत नाहीत, मराठी बिघडतं. सरळ कागदावर लिहा, फोटो काढा, चिकटवा. फोटो कुठेही तसाच दिसतो.’ यातल्या तक्रारी खोट्या नाहीत. त्यावरचा उपाय मात्र चुकीचा आहे.

‘फोटो कुठेही तसाच दिसतो’ हे आधी घेऊ, कारण जास्त नुकसान इथेच होतं. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो वाटेतच दाबला गेलेला असतो. तो ओढून मोठा केला, छापला आणि छापील प्रतीची झेरॉक्स काढली की घातातला २ आहे की ३, हे मुलं पर्यवेक्षकाला विचारत बसतात. परिच्छेदातल्या ओळींचं अंतर ‘एक्झॅक्टली’वर ठेवलेलं असेल तर ओळीत घातलेल्या फोटोची नुसती खालची पट्टी दिसते, वरचं सगळं कापलं जातं. प्रश्नपत्रिकेचा ‘ब’ संच काढताना ४ च्या जागी ९ करायचा, तर पुन्हा कागद, पुन्हा फोटो, पुन्हा कडा छाटणं. आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर फोटोपाशी आला की ‘चित्र’ म्हणून पुढे जातो. खरं समीकरण वाचून दाखवणारे स्क्रीन रीडर आज आहेत.

‘माउसने जीव जातो.’ जाईलच, पण माउस घ्या असं सांगितलं कुणी? ऑल्ट दाबून बरोबरचं चिन्ह दाबा, समीकरणाची चौकट उघडते. वर्ग समीकरणाच्या सूत्राचा अंश लिहायचा तर कंस उघडून उणे बी, मग बॅकस्लॅश लावून पी-एम आणि स्पेस: ± उमटतं. पुढे बॅकस्लॅश लावून एस-क्यू-आर-टी आणि लगेच कंसात बी, ^, २, उणे ४ए-सी. आता बाहेरचा कंस बंद करा, / द्या, २ए लिहा आणि स्पेस दाबा. अपूर्णांक उभा राहतो, वर्गमूळाचं छप्पर हवं तेवढं लांबतं आणि अंशाभोवतीचा कंस आपला आपण गळून पडतो. सवय झाली की फोनचा कॅमेरा उघडेपर्यंत सूत्र लिहून होतं. नव्या वर्डमध्ये समीकरणाच्या शेवटी #(१) लिहून एंटर मारलं तर क्रमांकही उजव्या कडेला जाऊन बसतो. ही सोय फारशी कुणी सांगत नाही.

पर्याय फिकट दिसतो, याचं कारण बहुतेक वेळा फाइल जुन्या ‘डॉक’ स्वरूपातली असणं हे असतं. आजची समीकरणं वर्ड २००७ पासून आली आणि त्यांना ‘डॉकएक्स’ लागतं. फाइल मेनूत इन्फोमध्ये जाऊन कन्व्हर्ट करा, पर्याय जागा होतो. उलट, डॉकएक्स फाइल कुणासाठी तरी ‘डॉक’मध्ये सेव्ह केली तर वर्ड स्वतःच समीकरणांची चित्रं करून टाकतं.

जुन्या प्रश्नसंचांची तक्रार खरी आहे, तिचं कारण मात्र वेगळं. त्यांतली समीकरणं बहुधा इक्वेशन एडिटर ३.० या वेगळ्या प्रोग्रामने केलेली असतात. त्यात २०१७ मध्ये सुरक्षेची गंभीर त्रुटी सापडली आणि जानेवारी २०१८ च्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने तो प्रोग्रामच काढून टाकला. म्हणून समीकरण दिसतं, छापलंही जातं, पण बदलायला डबल क्लिक केलं की ते उघडत नाही, नुसता संदेश येतो. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या सध्याच्या वर्डमध्ये अशी समीकरणं नव्या रूपात बदलून घेता येतात. नाहीतर मॅथटाइप या समीकरणं लिहिण्याच्या वेगळ्या प्रोग्राममध्ये ती उघडतात. निवृत्त झालेल्या प्रोग्रामचा राग त्याच्या जागी आलेल्यावर काढण्यात अर्थ नाही.

मराठी बिघडतं ते मुख्यतः कृतिदेव, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांमुळे. त्यांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या कोडवर बसवलेली असतात. समीकरणाला कॅम्ब्रिया मॅथ हा फॉन्ट लागला की ते कोड उघडे पडतात आणि ‘क्षेत्रफळ’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा भुगा दिसतो. मजकूर युनिकोडमध्ये लिहा, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कोड असलेल्या पद्धतीत. तरीही मी मराठी शब्द समीकरणाच्या चौकटीबाहेरच ठेवतो. आत ते नीट बसतीलच असं नाही. चौकटीत चिन्हं आणि आकडे, बाहेर भाषा.

वर्ड विकत घ्यायचं नसेल तर लिबरऑफिस रायटर फुकट आहे. त्यात इंग्रजीत एफ-एन लिहून एफ३ दाबलं की आइनस्टाइनचं ऊर्जेचं सूत्र क्रमांकासह नमुना म्हणून येतं. त्यावर डबल क्लिक करून आपलं लिहायचं. गणिती मजकूर आज्ञा लिहून मांडणारी लॅटेक्स ही प्रणाली उत्तमच, पण दोन पानी चाचणीसाठी ती शिकायलाच हवी असं नाही.

पाठवताना पीडीएफ करून पाठवा, म्हणजे समोरच्याकडे कुठलं वर्ड आहे याची चिंता उरत नाही. हाताने काढलेली भूमितीची आकृती असेल तर तिचा फोटो खुशाल चिकटवा. फक्त व्हॉट्सॲपवर पाठवताना ती फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.