ऑक्टोपस म्हणे पर्यटकांनी आणला!

लक्षद्वीपबद्दल एक मेसेज फिरतोय: "तिथलं ऑक्टोपस फ्राय हे पर्यटकांसाठी काढलेलं खूळ. बेटांवरचं खरं जेवण म्हणजे ट्यूना. लोक मुसलमान, त्यांना ऑक्टोपस वर्ज्य. शिवाय तो विषारी." चार वाक्यं आणि त्यातलं एक अर्धं खरं.

अर्धं खरं आधी. ट्यूना, म्हणजे आपला कुपा, तिथे मुख्य आहेच. उकडून, धुरी देऊन, वाळवून त्याचा 'मास' करतात. पण मुख्य म्हणजे एकमेव नव्हे. कुप्याला होडी लागते, जिवंत आमिष लागतं. ऑक्टोपसला ओहोटी आणि एक सळई पुरते. उथळ पाण्यात प्रवाळाच्या कपारी धुंडाळायच्या. बिळाच्या तोंडाशी शिंपल्या-खेकड्यांची टरफलं दिसली, की आत कुणीतरी जेवून बसलंय समजायचं. ऑक्टोपसला तिथे 'अप्पल' म्हणतात आणि या शिकारीला 'अप्पल कुत्तल'. पर्यटकांसाठी काढलेल्या खुळाला बोलीत स्वतःचं नाव कुठून आलं? दक्षिणेला मालदीवमध्येही ऑक्टोपसच्या भुजा कढीपत्ता, मिरची, लसूण घालून करतात. त्याला 'मिरुहुली बोआवा' म्हणतात. आणि लक्षद्वीपच्याच मिनिकॉय बेटावरची महल ही मालदीवच्या धिवेही भाषेचीच बोली.

आता 'वर्ज्य'. इस्लामी धर्मशास्त्रात शाफई, हनफी अशी वेगवेगळी मतं आहेत. लक्षद्वीपचे मुसलमान शाफई आहेत आणि शाफई मतात समुद्रातलं जवळपास सगळं हलाल. हनफी मतात माशाखेरीज इतर जलचर चालत नाहीत. उत्तरेकडचे बहुतेक मुसलमान हनफी, तेव्हा तिकडचं ऐकून ते इकडे चिकटवलेलं दिसतंय. कोकणी मुसलमानही शाफईच. रत्नागिरीत कुणाला विचारलं असतं तरी काम झालं असतं!

विषाचं थोडक्यात. ज्याच्या दंशाने माणूस दगावू शकतो तो निळ्या कड्यांचा ऑक्टोपस तळहातात मावेल एवढा असतो. बेटांवर ताटात येतो तो ऑक्टोपस सायनिया, चांगल्या हातभर भुजांचा. दिवडाला नाग म्हणण्यातलाच प्रकार.

मेसेज पुढे ढकलणाऱ्यांतले निम्मे तरी मालवणात माकुल (स्क्विड) चाटूनपुसून खाणारे असतील. माकुल ऑक्टोपसचा चुलतभाऊच की!

रबरासारखा लागतो, ही तक्रार मेसेजमध्ये नव्हती, पण ती मला मान्य झाली असती. घाईत नुसता तळला तर लागतोच. आधी मंद आचेवर मऊ होईस्तोवर शिजवायचा, मग तव्यावर.