भुताच्या पोराला काय म्हणायचे?

काल संध्याकाळी कट्ट्यावर वाद पेटला तो एका लहान मुलीच्या प्रश्नावरून. ‘गाईचे वासरू, शेळीचे करडू, मग भुताचे काय?’ असे तिने आमच्या मित्राला, म्हणजे आपल्या बाबांना विचारले होते. त्याला उत्तर सुचले नाही, आणि कट्ट्यावर येताच त्याने निकाल देऊन टाकला की मराठीत शब्द अपुरे आहेत, तेव्हा सगळ्यांना सरसकट ‘पिल्लू’च म्हणावे.

हे आम्हाला मुळीच मान्य नव्हते. गुरांत वाढलेल्या दुसऱ्या मित्राने त्याला तिथेच अडवले: ‘अरे, नुसते वासरू म्हणूनही गोठ्यात भागत नाही. मादी ती कालवड, नर तो गोऱ्हा, आणि गोऱ्हा अंगाने भरला पण अजून औताला जुंपला नाही, तोवर खोंड.’ म्हशीचे रेडकू किंवा पारडू, आणि त्यातली मादी वगार. ‘कालवड विकायची आहे’ एवढे म्हटले की ती अजून व्यालेली नाही, हेही ऐकणाऱ्याला न सांगता कळते. मांजराच्या बाबतीत अशी गरज पडली नाही, म्हणून तिथे पिल्लावर निभावले.

मी मात्र वासरावर अडून बसलो. ज्या ‘वत्स’ शब्दातून वासरू आले त्यातूनच ‘वात्सल्य’ही आले, म्हणजे आईच्या मायेला नाव देताना भाषेला नुकत्याच जन्मलेल्या, ओल्या वासराला चाटणारी गाय आठवली. असा शब्द पिल्लात बुडवायचा?

‘ते राहू दे, भुताचे सांग,’ मित्र हटेना.

तेव्हा इतका वेळ गप्प असलेले मास्तर बोलले. भूत जन्मत नाही, माणूस मेल्यावर होते. मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होतो, म्हणजे तो स्वतःच कुणाचे तरी लेकरू असतो. जे जन्मतात त्यांचे मात्र नावच अपत्याचे असते: दितीचे ते दैत्य, दनूचे ते दानव, अदितीचे आदित्य, कद्रूचे नाग म्हणून काद्रवेय आणि विनतेचा गरुड म्हणून वैनतेय. या सगळ्यांचा पिता एकच, कश्यप, त्यामुळे कोण कुणाचे हे ओळखायचे तर आईचेच नाव लावावे लागते.

मित्र बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘मास्तर, मुंजाचे तिला एवढ्यात सांगत नाही. आज दितीपासून सुरुवात करतो.’